भिंतीआडचा क्लेटन

"या मोसमात माझी जर्सी आमच्या आईला एकदाही धुवावी लागलेली नाही!"

हे वाक्य क्लेटन कुबेनाने शाळेच्या भरल्या सभेत, हातात माइक घेऊन, छाती पुढे काढून म्हटलं. होमकमिंगच्या, म्हणजे माजी विद्यार्थ्यांच्या मेळाव्याच्या, आठवड्याची सोमवार सकाळ होती. टेक्ससमधल्या लिपोव्हा गावात शुक्रवारी संध्याकाळी अमेरिकन फुटबॉलचा सामना असला की चोरसुद्धा चोरी करायला जात नाहीत, कारण तेही मैदानावरच असतात. अशा गावाचा क्लेटन हा क्वार्टरबॅक, म्हणजे संघाचा नवरदेवच! चेंडू आधी त्याच्या हातात येतो आणि मग तो कुणाकडे फेकायचा हे तो ठरवतो. समोरचा संघ मात्र त्याला आडवा करायला टपलेला असतो.

"जर्सी मळायची तर आधी जमिनीवर पडावं लागतं," क्लेटन पुढे म्हणाला, "आणि मला पाडायचं तर आधी हे पाच जण पाडावे लागतात!"

त्याने बोट दाखवलं तिकडे ते पाच जण बसले होते. त्यांच्या वजनाने बाक मधोमध वाकला होता. सभेने टाळ्या पिटल्या. इथे शहाण्या माणसाने माइक खाली ठेवला असता. पण उचलली जीभ लावली टाळ्याला!

"ब्रॅकन स्प्रिंग्जच्या त्या बक श्टोल्ट्झला निरोप द्या! म्हणावं, शुक्रवारी येताना साबण घेऊन ये. बघू कोणाची जर्सी धुवावी लागते ते!"

सगळी शाळा हसली. क्लेटनही हसला आणि मधेच थांबला. कारण पाहुणा म्हणून आलेला गेल्या वर्षीचा क्वार्टरबॅक काइल व्हानेक भिंतीला टेकून उभा होता आणि तो एकटाच हसत नव्हता. काइलला बक श्टोल्ट्झने एकदा, फक्त एकदा, डावीकडून येऊन धडक दिली होती. काइल आता गुराढोरांच्या खाद्याच्या दुकानात असतो. त्याला डावीकडून कुणी हाक मारली तर त्याची नुसती मान वळत नाही. अरुंद गल्लीत ट्रक वळवावा तसा तो अख्खा वळतो.

उजव्या हाताने चेंडू फेकणारा माणूस उजवीकडे बघत उभा राहतो, त्यामुळे डावीकडून काय येतंय ते त्याला दिसत नाही. तिकडे बघायला लेफ्ट टॅकल असतो. क्लेटनचा लेफ्ट टॅकल होता रॉइस पाव्लास, जो दारातून आत यायचा तो तिरका होऊनच. रॉइसच्या शेजारी गार्ड म्हणून एड्रियन झपाटा. मधोमध मिल्टन, तो सेंटर. वाकून पायांमधून चेंडू मागे क्लेटनच्या हातात देणारा. उजवीकडे ह्रुश्का बंधू, ज्यांच्यातला थोरला कोण आणि धाकटा कोण हे जेवायला बसल्यावरच कळायचं, कारण थोरला धाकट्याच्या ताटातलं खायचा. ही क्लेटनची भिंत. ही उभी आहे तोवर आपल्याला कसली भीती, असं तो स्वतःला रोज सांगायचा. रोज सांगावं लागत होतं, यातच काय ते समजा.

मंगळवारी सरावाला रॉइस कुबड्या घेऊन आला.

"काय झालं?" क्लेटनने विचारलं.

"शेवंती," रॉइस खाली मान घालून म्हणाला.

होमकमिंगला लिपोव्हातल्या मुली छातीवर शेवंतीचं फूल मिरवतात. फूल कापडी, पण ताटाएवढं! त्याला घंट्या, चिमुकली अस्वलं आणि पार जमिनीवर लोळणाऱ्या रिबिनी. रॉइसच्या आईने त्याच्या मैत्रिणीसाठी, डार्लीनसाठी, यंदा असं फूल बनवलं होतं की गावातल्या बाकीच्या आयांनी तोंडात बोटं घालावीत. काल संध्याकाळी डार्लीनने ते लावून बघितलं, आजोबांनी हौसेने पोल्का नाचाची तबकडी लावली, आणि दुसऱ्याच गिरकीला रॉइसचा पाय रिबिनीवर पडला.

"घोटा गेला," कोच हलावाटी म्हणाले. "दोन आठवडे तरी नाही."

"कोच, शेवंतीने?"

"शेवंतीने! ब्रॅकन स्प्रिंग्जला कळू देऊ नका, नाहीतर पुढच्या वर्षी हार घेऊन येतील. एड्रियन, तू रॉइसच्या जागी. आणि एड्रियनच्या जागी..." कोचनी मैदानभर नजर फिरवली. पलीकडे शाळेचा बँड सराव करत होता. "ए, तू टूबावाला! इकडे ये!"

लालो सिस्नेरोस तो पितळी भोंगा खांद्यावर घेऊनच आला.

"ऑगस्टच्या उन्हात हे धूड घेऊन तू मैदानभर चालतोस. माणूस अडवायला जमेल?"

"जमेल की, कोच. पण मध्यंतराला मला वाजवायचंय हं."

क्लेटनच्या पाचावर धारण बसली. त्याच्या आणि बक श्टोल्ट्झच्या मधे आता एक जागा बदललेला गार्ड आणि एक वाजंत्रीवाला! त्याने मनाशी निश्चय केला की उरलेल्यांना तळहाताच्या फोडासारखं जपायचं. (या वाक्प्रचारातला फोड पुढे खराच होऊन बसणार होता, पण त्याला तेव्हा काय ठाऊक?)

बुधवारी शाळेतल्या त्याच्या कपाटात एक साबणाची वडी सापडली. जाडजूड, पांढरी, कागदात नीट गुंडाळलेली. कागदावर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं: "शुक्रवारी येतो. बक."

क्लेटनने वडी कपाटात परत ढकलली. त्याने बदली क्वार्टरबॅक ट्रॅव्हिसला कोपऱ्यात घेतलं. ट्रॅव्हिसचं मोसमभराचं काम म्हणजे पाण्याच्या बाटल्या धरणं आणि हो म्हणणं.

"ट्रॅव्हिस, समज, शुक्रवारी माझ्या पोटात दुखायला लागलं तर..."

"नाही!" ट्रॅव्हिस आयुष्यात पहिल्यांदा नाही म्हणाला. "तुझी भिंत मीही बघतोय ना, लेका! तुझं पोट दुखायला लागलं तर माझं तुझ्याआधी दुखेल!"

तो मार्ग बंद झाला. संध्याकाळी क्लेटन तडक मिल्टनच्या गोठ्यावर गेला. मिल्टन जिल्ह्याच्या जत्रेसाठी एक गोऱ्हा पोसत होता. दांडगा आणि तिरसट.

"तू बाजूला बस," क्लेटनने त्याच्या हातातली बादली हिसकावली. "चारापाणी आजपासून माझ्याकडे. तुझा हात म्हणजे संघाचा हात!"

"अरे पण तुला गोऱ्ह्याचं काय कळतं?"

"तू बस रे!"

मिल्टन बसला. क्लेटनने चारा घातला, पाणी ठेवलं, शेण काढलं, सगळं केलं. फक्त फाटकाची कडी लावली नाही. गोऱ्हा शांतपणे बाहेर पडला आणि मग अशांतपणे पळत सुटला. मिल्टनने झेप घेऊन दावं पकडलं आणि हाताला गुंडाळलं. गोऱ्हा काही थांबला नाही. थांबली ती मिल्टनची दोन बोटं, तीसुद्धा भलत्याच दिशेला तोंड करून!

गुरुवारी मिल्टनचा उजवा हात मनगटापर्यंत प्लास्टरमध्ये होता. कोच हलावाटींनी टोपी काढली, डोकं खाजवलं आणि टोपी परत घातली.

"मिल्टन, या हाताने तू चेंडू देऊ शकत नाहीस, पण माणूस तर ढकलशील? तू गार्ड हो. लालो, तू सेंटर."

"म्हणजे चेंडू मी द्यायचा?" लालोने विचारलं. "कुणाला?"

"मला रे, बाबा, मला!" क्लेटन जवळजवळ रडला.

लालोने दिलेला पहिला चेंडू क्लेटनच्या डोक्यावरून गेला. दुसरा गुडघ्यावर बसला. तिसरा बँडमधल्या झांजवाल्याने झेलला. संध्याकाळपर्यंत कसाबसा हाताशी यायला लागला.

दुष्काळात तेरावा महिना आणायचा मान मात्र क्लेटनने स्वतःकडेच ठेवला होता. आपल्यासाठी धक्के खाणाऱ्या भिंतीला क्वार्टरबॅकने मोसम संपला की भेट द्यायची, अशी रीत आहे. क्लेटनने विचार केला, मोसम संपेपर्यंत आपण असू की नसू! त्याने मामाच्या दुकानातून गुरुवारी सकाळीच सगळ्यांना नवेकोरे काउबॉय बूट आणून दिले. लालोलासुद्धा. रॉइसला त्यातला एकच घालता आला.

आणि ती गुणी पोरं! क्वार्टरबॅकने प्रेमाने दिले म्हणून सगळ्यांनी ते दिवसभर घातले. वर्गात घातले, जेवताना घातले, संध्याकाळच्या शेकोटीभोवती नाचतानाही घातले. नवं कातडं, त्यात ते वजन!

शुक्रवारी दुपारी भिंत कपडे बदलायच्या खोलीत आली ती बदकांच्या रांगेसारखी.

"टाचेला फोड," एड्रियन म्हणाला.

"दोन्ही टाचांना," मिल्टन म्हणाला.

"याच्यापेक्षा माझा मोठा आहे," थोरला ह्रुश्का म्हणाला. खाण्यात काय, दुखण्यात काय, त्याला धाकट्यापेक्षा जास्तच हवं असायचं.

क्लेटन भिंतीकडे तोंड करून उभा राहिला, म्हणजे खऱ्या भिंतीकडे. त्याला आईची आठवण आली. काइलच्या मानेची आठवण आली. आपण भित्रे आहोत हे आज सगळ्या गावाला कळणार, आणि कळलं नाही तर त्याचं कारण एवढंच असेल की आपण बोलायला शुद्धीवर नसू! त्याच्या डोळ्यांत खरोखरच पाणी आलं.

"भिऊ नकोस," लालो मागून म्हणाला. "मीपण भितोय."

याने धीर कसा यायचा? पण जरासा आला.

दिवे लागले. डार्लीनची शेवंती प्रेक्षकांत घंटा वाजवत बसली होती आणि तिच्याशेजारी रॉइस कुबड्या घेऊन. पलीकडून बक श्टोल्ट्झ मैदानात उतरला. क्लेटनला वाटलं, त्यांची बस आत येतेय. बकने हात उंच करून क्लेटनच्या दिशेने हलवला. कसाईसुद्धा बकऱ्याकडे इतक्या प्रेमाने बघत नसेल!

पहिला डाव. लालोने चेंडू मागे दिला. बरोबर हातात! डावीकडून बकच्या पावलांचा आवाज आला. क्लेटनने डोळे मिटले आणि सगळी ताकद लावून चेंडू फेकला.

काहीच झालं नाही. त्याने एक डोळा उघडला. बक एड्रियनवर रेलून ढकलत होता आणि एड्रियन तसूभरही हलत नव्हता. मिल्टन, लालो, ह्रुश्का बंधू, कोणीच हलत नव्हतं. हलणार कसे? एक पाऊल टाकलं की टाचेपासून मेंदूपर्यंत कळ जात होती! म्हणून पाचही जणांनी खांद्याला खांदा लावून जिथल्या तिथे मुळं धरली होती. आधीच्या सामन्यांत भिंत पळायची, वळायची, कधी कधी तिला फटही पडायची. आज फट नव्हती.

"हा वेग बघा!" प्रेक्षक ओरडत होते. "चेंडू हातात आला की फेकला!"

वेग कसला, ती भीती होती. पण गुणफलकाला ती थोडीच कळते! मध्यंतराला लालोने फुटबॉलच्या वेषातच, लंगडत, टूबा वाजवला. मग पुन्हा भिंत उभी राहिली. शेवटची शिट्टी वाजली तेव्हा लिपोव्हा तीन गुणांनी जिंकलं होतं आणि क्लेटनची जर्सी दुधासारखी पांढरी होती.

क्लेटनने दोन्ही हात आभाळाकडे उंचावले. आठवड्यात पहिल्यांदा त्याने डावीकडे बघायचं सोडून दिलं.

तेवढ्यात डावीकडून काहीतरी आलं.

रॉइस! कुबड्या फेकून, एका पायावर, आनंदाने बेभान होऊन त्याने झेप घेतली. क्लेटन आडवा झाला. त्याच्यावर एड्रियन पडला. फोडांची आता कुणाला आठवण होती? त्यावर मिल्टन, प्लास्टरसकट. त्यावर थोरला ह्रुश्का, आणि त्याच्यावर, उभ्या जन्माचा सूड घेतल्यासारखा, धाकटा. सगळ्यात शेवटी लालो. विजयाची धून वाजवायला खांद्यावर घेतलेला टूबा काढायला त्याला वेळ मिळाला नव्हता.

कडकन आवाज आला.

"बाजूला व्हा रे!" ढिगाऱ्यावरून कुणीतरी एकेकाला पोत्यासारखं उचलून ठेवत होतं. शेवटचा उचलला गेला आणि क्लेटनला वर बक श्टोल्ट्झचा चेहरा दिसला. गोल, घामेजला आणि काळजीने भरलेला.

"लागलं का रे फार?" बक म्हणाला. "साबण मिळाला ना? तू मागवला होतास म्हणे. आमच्या शेळ्यांच्या दुधाचा आहे, आई घरीच करते. तिला तुझा निरोप ऐकून किती बरं वाटलं!"

क्लेटनला हो म्हणायला मानही हलवता येईना.

दवाखान्यात डॉक्टरांनी गळ्याजवळचं हाड मोडल्याचं सांगितलं आणि जर्सी कात्रीने कापून काढली. त्यामुळे ती धुवायची वेळ शेवटपर्यंत आलीच नाही.

"कुणी पाडलं इतकं वाईट?" डॉक्टरांनी विचारलं.

"आमच्याच माणसांनी," क्लेटन म्हणाला.

भिंत कोलाचेचा, म्हणजे मुरंबा भरलेल्या गोड पावांचा, डबा घेऊन दाराबाहेर रडत उभी होती आणि मिठी मारायला आत यायचं म्हणत होती. नर्सबाई दार अडवून ठाम उभ्या होत्या. इतका चांगला लेफ्ट टॅकल आपल्याला आधी का सुचला नाही, असं क्लेटनला वाटून गेलं.

फक्त ट्रॅव्हिसला आत सोडलं. तो पांढराफटक पडला होता.

"कोच म्हणाले, पुढच्या शुक्रवारी मी," तो पलंगाच्या कडेला बसत पुटपुटला. "क्लेटन, खरं सांग. भिंत कशी आहे?"

"एकदम भक्कम," क्लेटन म्हणाला. त्याने दाराकडे बघितलं, ट्रॅव्हिसला खूण करून जवळ बोलावलं आणि आवाज खाली आणला.

"फक्त एक कर. जिंकू नकोस."