गिटारच्या दाढा

गिटारची पहिली तार तुटली, तेव्हा मौनी ती वाजवत नव्हता. फडक्याने पुसत होता. वाजवताना तुटली असती तर बिचारी सुरांच्या कामी आली असं तरी म्हणता आलं असतं. ही तार स्वच्छतेच्या कामी आली. ‘टण्ण’ असा एक आवाज झाला, तारेचं टोक हवेत गोल फिरून मौनीच्या मनगटाला चाटून गेलं आणि खोलीत अशी शांतता पसरली, की त्या शांततेतही त्याला स्वतःचाच दोष ऐकू येऊ लागला.

मौनी हे काही त्याचं पाळण्यातलं नाव नव्हे. लहानपणी तो तासन्‌तास गप्प बसे म्हणून घरच्यांनी ते ठेवलं आणि ते तसंच राहिलं. कारण बदलून मागायचं तर बोलावं लागलं असतं. चष्म्याच्या दुकानात, पडद्यामागच्या खोलीत बसून काचांच्या कडा घासायच्या आणि त्या फ्रेममध्ये बसवायच्या, हे त्याचं काम. गिऱ्हाइकांचं बोलणं पडद्याच्या अलीकडे येत नसे, आणि त्याचंही पलीकडे जात नसे.

गिटार त्याची नव्हती. ती त्याला गिटार शिकवणाऱ्या शिक्षिकेची होती. शिक्षिका चार दिवस बाहेरगावी गेली होती आणि जाताना तिने गिटार त्याच्या हातात दिली होती. “सराव चुकवू नका,” ती म्हणाली होती, “आणि जपा हं.” त्या ‘जपा हं’ला मौनीने चार दिवस गिटारपेक्षाही जास्त जपलं होतं. आज रविवार. संध्याकाळी सहा वाजता गिटार परत द्यायची होती. ती तुटक्या तारेनिशी दिली असती, तर शिक्षिका रागावली नसती. “असू दे” म्हणाली असती, आणि पुढच्या वेळी मात्र विश्वासाने हातात काही दिलं नसतं. आठवड्यातला तिच्या वर्गातला तो एक तास हाच मौनीच्या आयुष्यातला असा तास होता, ज्यात तो दुसऱ्या माणसासमोर आवाज करत असे. तो तास हातचा जाऊ नये म्हणून गिटार घरीच ठेवून त्याने वाद्यांचं दुकान गाठलं.

वाद्यांच्या दुकानदाराने त्याला सहा तारांचा नवा संच दिला. “सगळ्याच बदला. एक नवी आणि पाच जुन्या, हे बरं वाजत नाही. सोपं आहे हो! तारा सैल करायच्या, ब्रिजवरच्या पिना उपटायच्या, नवी तार घालायची, पिन दाबायची. दहा मिनिटांचं काम.”

ब्रिज म्हणजे गिटारच्या पोटावरची ती लाकडी पट्टी, जिच्यात तारांची खालची टोकं अडकवलेली असतात, एवढं मौनीला ठाऊक होतं. पिना मात्र पाहिल्याचं आठवत नव्हतं. विचारावं म्हणून त्याने तोंड उघडलं, तेवढ्यात दुसरं गिऱ्हाईक आलं आणि मौनी तो प्रश्न तसाच तोंडात घेऊन घरी आला.

घरी बाबा दाराशीच उभे होते. चौतीस वर्षं लिफ्टदुरुस्तीत घालवून निवृत्त झालेल्या या माणसाला तार म्हटलं की स्फुरण चढे.

“ताण असलेली तार कधी कापायची नाही!” त्यांनी गिटार ताब्यात घेतली. “आधी सैल कर. एकेक खुंटी. मी सांगतो तशी.” पाचही तारा सैल झाल्यावर त्यांनी त्या मधोमध कापल्या आणि गिटार भिंतीशी उभी करून वरच्या खुंट्यांमधली भेंडोळी सोडवायला घेतली. बाप-लेक दोघेही मान वर करून त्यात गुंग झाले.

त्याच वेळी खाली, शिलाईमशीनवर बसलेल्या आईच्या पायाशी काहीतरी टपटप पडलं. तारेचे तुकडे होते, आणि प्रत्येक तुकड्याच्या टोकाला एक इवलासा पितळी मणी.

“अहो, हे बघा काय पडतंय…”

“मशीन थांबव गं जरा. इथे नाजूक काम चाललंय.”

आईने मशीन थांबवलं. तुकडे कचऱ्यात टाकण्याआधी तिने त्यांचे मणी कापून बटणांच्या डब्यात ठेवले. शिवणकाम करणाऱ्या बाईच्या हातून मणी वाया जात नाही.

मग पिनांचा शोध सुरू झाला. ब्रिजवर पिन नव्हती. होते ते फक्त दोन पांढरे ठिपके, तांदळाच्या दाण्याएवढे.

“तारा सहा आणि पिना दोन?” मौनी पुटपुटला.

“का? आमच्या लिफ्टला दोर चार आणि ब्रेक एक असायचा,” बाबा म्हणाले. “एकेक पिन तीन-तीन तारा धरत असणार.” त्यांनी नखाने ठिपका उचकटून पाहिला. मग सुरीने. “हलत नाही. हे आपलं काम नाही. डॉक्टरांना बोलाव.”

डॉक्टर म्हणजे मौनीचे मामा. त्यांचा दातांचा दवाखाना याच इमारतीत तळमजल्यावर होता. मामा आले ते अवजारांची पेटी आणि कपाळावरचा दिवा घेऊनच. त्यांनी गिटार जेवणाच्या टेबलावर आडवी निजवली, तिच्या मानेखाली उशी दिली आणि ठिपक्यांवर उजेड पाडला.

“कधीपासून त्रास आहे?”

“मामा!”

“सवय रे, भाचेबुवा.” त्यांनी बारीक आरशातून पाहिलं, टोकदार सळईने ठिपक्यावर टकटक केलं. “घट्ट आहेत दोन्ही. मुळं खोल दिसतात. भाऊजी, तुम्ही सुरी लावलीत का?”

“जराशी.”

“घरगुती उपाय करून मग आमच्याकडे यायचं! सगळ्यांचं हेच.”

“अरे, माझं ऐक ना,” आई मशीनवरून म्हणाली, “ते मघाशी जे मणी…”

“ताई, एक मिनिट. पेशंट टेबलावर आहे.”

मामांचं म्हणणं पडलं, की पिना आतून सुटल्या असतील तर गिटार पालथी करून हलकीशी थाप मारली की झालं. त्यांनी ती पालथी केली आणि थाप मारली. खरोखरच काहीतरी पडलं. पिन नव्हती. तारा ज्या पांढऱ्या पट्टीवर टेकतात, ती काडेपेटीच्या लांबीची हाडाची पट्टी खाचेतून निसटून जमिनीवर आली. “हे काय?” म्हणून नीट बघायला मामा एक पाऊल मागे सरले, आणि कट्‌ असा आवाज झाला.

मामांनी पाय उचलला. पट्टीचे दोन तुकडे झाले होते.

“हाडच आहे,” ते तपासून म्हणाले. “फ्रॅक्चर अगदी स्वच्छ आहे.”

मौनीने वर पाहिलं. घड्याळात तीन वाजले होते. त्याला शिक्षिकेचा चेहरा दिसू लागला. रागावलेला नव्हे, समजूतदार. समजूतदार चेहऱ्याची त्याला फार भीती वाटे, कारण त्याच्यापुढे माफीसुद्धा मागता येत नाही.

झाल्या प्रकाराची भरपाई म्हणून मामांनी दुप्पट जोमाने ठिपका कोरायला घेतला. अखेर तो सुटला आणि उडून पाण्याच्या भांड्यात पडला. त्याच्या जागी खोलवर काहीतरी चकाकलं.

“स्क्रू!” बाबा हर्षाने ओरडले. आयुष्याला पुन्हा अर्थ आल्यासारखा त्यांचा चेहरा फुलला. “मी म्हणत नव्हतो? स्क्रू म्हटला की तो फिरवायचाच असतो.” आणि कुणी काही म्हणायच्या आत त्यांनी स्क्रूड्रायव्हर लावून अर्धा वेढा फिरवला. गिटारच्या पोटातून ‘कुर्रर्र’ असा एक खोल, दुखावलेला आवाज आला.

“थांबा!”

ती हाक कुणाची, हे क्षणभर कुणालाच कळलं नाही. बाबांनी मामांकडे पाहिलं, मामांनी आईकडे. मग तिघांनीही मौनीकडे पाहिलं. सत्तावीस वर्षांत या घरात तो कधी ओरडला नव्हता. त्याचे कान लाल झाले होते, पण त्याने शब्द मागे घेतला नाही. बाबांनी स्क्रू निमूटपणे अर्धा वेढा उलटा फिरवला आणि हत्यार खाली ठेवलं. मामांनी कपाळावरचा दिवा विझवला. घरात अगदी सामसूम झाली.

आणि त्या सामसुमीत, दुपारपासून पहिल्यांदाच, आईचं वाक्य पूर्ण झालं.

“त्या लाकडी पट्टीला मागच्या अंगाने सहा भोकं आहेत. मघाशी गिटार उभी होती, तेव्हा तारा तिथूनच खाली सांडल्या. टोकाला मणी होते. मणी म्हणजे गाठच की. तार मागून ओवायची, मणी भोकाशी अडतो. पिना कशाला लागतात त्याला?”

तिघेही वाकले. खरंच, ब्रिजच्या मागच्या कडेला सहा भोकं ओळीने बसली होती, कुणी विचारील याची वाट पाहत असल्यासारखी.

“मग आधी नाही का सांगायचं?” बाबा म्हणाले.

आईने त्यांच्याकडे नुसतं पाहिलं. बाबा स्क्रूड्रायव्हर पुसू लागले.

पुढचं काम मग सुरळीत झालं. मामांनी दवाखान्यात जाऊन, मोडक्या तुकड्यांच्या मापाने, कवळीच्या मसाल्याची नवी पट्टी घडवली. तिचा रंग दातांच्या छटांच्या तक्त्याशी ताडून पाहिला आणि उडालेला ठिपकाही दातांत भरायच्या सिमेंटने बसवून दिला. मौनीने पट्टीची कड काचेच्या कडेसारखी घासून खाचेत चपखल बसवली. आईने नायलॉनची नाडी ओवावी तशा सहाही तारा मागून ओवल्या. मणी आत जाऊन अडला की ती “बस” म्हणे आणि बाबा खुंटी पिळत. पावणेसहाला गिटार वाजली. मौनीला वाटलं, आवाज पूर्वीपेक्षा किंचित मोकळा झालाय. पण मोकळं व्हायची घाई त्याला स्वतःलाही झाली होती, म्हणून त्याने त्यावर विश्वास ठेवला नाही.

शिक्षिकेच्या दाराशी तो गिटार छातीशी धरून उभा राहिला. ती प्रवासाहून नुकतीच आली होती. बॅग अजून बांधलेलीच होती. तिने गिटार घेतली, एक झणकार काढला आणि मान तिरकी केली.

“तारा नव्या आहेत.”

गप्प राहिलं असतं तर निभावून गेलं असतं. गप्प राहणं मौनीला उत्तम जमत होतं. पण दुपारी एकदा उघडलेला घसा बहुधा पुरता मिटलेला नव्हता.

“तार तुटली,” तो म्हणाला. “पुसताना. मग पट्टी तुटली. नवी आहे ती कवळीच्या मसाल्याची आहे. हा ठिपका माझ्या मामांनी उपटला आणि परत बसवला. बाबांनी स्क्रू फिरवला, पण अर्धाच. पिना सापडल्याच नाहीत. मला क्षमा करा.”

तिने त्याला आत घेतलं. मग तिने हळूच दार लोटून घेतलं, जणू शेजाऱ्यांना ऐकू जाऊ नये.

“पिना नव्हत्या तर तारा घातल्यात कुठून?”

“मागून. सहा भोकं आहेत. आईने दाखवली.”

शिक्षिका बॅगेवर मटकन बसली.

“मागून!” ती म्हणाली. “अहो, तीन वर्षं झाली ही गिटार घेऊन. तारा गंजत चालल्या होत्या आणि मला बदलता येईनात. मीही ते ठिपके उपटून पाहिलेत! दुकानात विचारायचं तर, गिटारची शिक्षिका मी, कुठल्या तोंडाने विचारू?” तिने आवाज आणखी खाली आणला. “खरं सांगू? तुम्ही चष्म्याच्या दुकानात बारीक काम करता. वाटलं, तुमच्या हातात तार तुटली, तर तुम्ही शोधून काढाल काहीतरी. म्हणूनच दिली.”

मौनीला यावर रागावता आलं असतं. पण ज्या चेहऱ्याची तो दिवसभर धास्ती घेत होता, तो आता ओशाळून त्याच्याकडे बघत होता, आणि त्याला एकदम इतकं हलकं वाटलं, की तो हसला. मोठ्याने.

शिक्षिका उठून आत गेली आणि कपाटामागून आणखी एक गिटार घेऊन आली. तिच्यावर एकही तार नव्हती.

“हिचंही तसलंच आहे,” ती म्हणाली. “आई आत्ता घरी असतील का?”

अर्ध्या तासाने शिक्षिका मौनीच्या घरी मशीनशेजारी जमिनीवर मांडी घालून बसली होती. बाबांना खुंट्यांपासून आणि मामांना ठिपक्यांपासून चार हात दूर बसवलं होतं. तिने पहिली तार ओवली, ओढली, आणि मण्यासकट ती सरकन भोकातून आरपार बाहेर आली.

“चुकलं,” आई चष्म्यावरून बघत म्हणाली. “भोक मोठं आहे आणि तुला घाई आहे. मण्याजवळ तार जरा दुमडून घाल. काढ, पुन्हा ओव.”

शिक्षिकेचे कान लाल झाले. ते किती गरम लागतात, हे त्या खोलीत मौनीइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. तो तिच्याशेजारी खाली बसला आणि त्याने दुसरी तार उलगडायला घेतली.