पासवर्डाचं हळदीकुंकू

गुपित झाकून ठेवलं की सुरक्षित राहतं, हा एक अशास्त्रीय समज आहे. ते नीट झाकलंय की नाही, हे चार जणांनी उघडून पाहिल्याशिवाय कळणार कसं?

याच थोर तत्त्वावर २००७च्या संक्रांतीला पंचवटीतल्या एका महिला मंडळानं हळदीकुंकवात 'इंटरनेट सुरक्षा सापशिडी' ठेवली. संगणक क्लासचे ललितसर परीक्षक. अठ्ठ्याण्णवव्या घरात पोचलं की आपला पासवर्ड उखाण्यात गुंफून माइकवर सांगायचा. भक्कम निघाला तर शिडीनं शंभरावर, कच्चा निघाला तर सापाच्या तोंडातून थेट एकवर. (माइक बाहेरच्या कर्ण्यालाही जोडला होता, जागृती सर्वदूर पोचावी म्हणून.) पहिलं बक्षीस कुकर.

पंचाईत झाली ती चांगुणाची. फुलं विकून परतताना ती सायबर कॅफेत शिरायची, ती अंबडला राहणाऱ्या धाकट्या बहिणीच्या, नवसाच्या, ईमेलसाठी. नवसानं मनासारखं लग्न केलं, तेव्हापासून तिच्याशी बोलायचं नाही अशी सासूची ताकीद होती. पासवर्ड फुटला की पत्रं फुटणार, आणि नवसा कायमची तुटणार. अन् सासू, कुसाबाई, पहिल्याच रांगेत बसलेली!

खेळ मात्र काय रंगला म्हणता! नव्वद टक्के पासवर्ड नवऱ्यांच्या नावाचे निघाले, उरलेले सासूच्या (प्रेमानं की रागानं, याची नोंद मंडळाकडे नाही). दिशानं नवऱ्याचं नाव, लग्नाची तारीख आणि 'ॲट द रेट' असा दणदणीत उखाणा घेतला. वन्स मोअर मिळाला. दुसऱ्यांदा सगळ्यांनी सोबत म्हटला.

मग चांगुणा अठ्ठ्याण्णववर आली. तिनं पदर खोचला, कुकरकडे एकदा डोळे भरून पाहिलं आणि म्हणाली,

"शेवंतीच्या मळ्यात गार गार वारा,
गेणूरावांचं नाव घेते, पासवर्ड बारा-बारा!"

मंडप हसून लोळायचा बाकी राहिला. ललितसरांनी कपाळाला हात लावला आणि तिच्या नावापुढे 'जागृतीची नितांत गरज' असा शेरा मारला.

"लय भोळी हाय माझी सून!" कुसाबाई शेजारणीला म्हणाली.

कुकर दिशाला मिळाला. संध्याकाळपर्यंत तिचा पासवर्ड भाजीबाजाराला पाठ झाला, आणि तिच्याच खात्यातून मंडळाला ईमेल आली : 'कुकर परत करते आहे, चांगुणाताईंना द्यावा.' चांगुणा तेव्हा तिळगूळ चघळत कॅफेत नवसाला सगळी हकीकत लिहीत होती आणि एकटीच खुदुखुदु हसत होती.

राहता राहिला तिचा खरा पासवर्ड. तो सांगायला आमची काही हरकत नाही. फक्त आधी तुमचा भक्कम आहे ना, तेवढं मनात एकदा म्हणून पाहा.

ओठ हलले ना? चला, उतरा खाली एकवर.