मास्तरांचा मासा आणि ट्रायलचा आरसा

"बाबा, मासा कसा आहे?" फोनवर मुलीनं आधी माशाचीच चौकशी केली.

मास्तरांना रागच आला. बाप दिवसभर शिलाई मशीनवर वाकतो, बायको गेल्यापासून एकटा जेवतो, आणि काळजी कुणाची? बोटाच्या पेराएवढ्या टेट्राची! परगावी नोकरीला जाताना ती काचेची टाकी बापाच्या गळ्यात मारून गेली होती. निळ्या रेघेचे, लाल शेपटीचे ते मासे एकेक करून गेले आणि आता एकच उरला होता.

"कोपऱ्यात तोंड खुपसून बसलाय. खात नाही."

"बाबा, तिकडे दक्षिण अमेरिकेतल्या नद्यांत ते घोळक्यानं राहतात. एकटा झुरून मरेल ना तो!"

"मी राहतोच आहे की," मास्तर म्हणाले. पण तोवर तिनं फोन ठेवला होता.

मासेवाल्याकडे टेट्रा संपले होते. "माल आला की कळवतो," तो म्हणाला. तोवर हा मेला तर? घरात आपल्याशिवाय जिवंत असं काहीच उरणार नाही. मास्तरांनी दाढीचा आरसा टाकीला टेकवला. मासा दचकला, जवळ आला आणि आरशातल्या माशाबरोबर ऐटीत फिरायला लागला. दुसऱ्या बाजूला गेला की मात्र पुन्हा एकटाच. मग कपाटाचा आरसा निघाला. तरी मागची बाजू राहिलीच. शेवटी मास्तरांनी दुकानातला ट्रायलचा उंच आरसा घरी आणला.

दुसऱ्या दिवशी बँकेतला कॅशियर नवा कोट घालून दुकानात गोल फिरला.

"मास्तर, आरसा?"

"मी बघतोय ना! झकास बसलाय."

"अहो, तुमची मिशी एका बाजूनं उडालीये. ज्याला स्वतःची मिशी दिसत नाही, त्याच्यावर बाह्यांचा भरवसा ठेवू?"

झालं! मास्तर त्याला घरी घेऊन गेले. कॅशियरनं कोट बघितला, मासा बघितला, चहा प्याला आणि संध्याकाळी बायकोला घेऊन आला. मग गणवेश घेऊन कोपऱ्यावरच्या दवाखान्यातल्या सिस्टर आल्या. पँट आखूड झाली म्हणून भांडायला आलेला माणूस माशाला खाऊ घालून गेला. मास्तरांनी दोन खुर्च्या आणल्या, चहाचं भांडं मोठं घेतलं. एरवी मुकं असलेलं घर आता बोलायला लागलं होतं, आणि मास्तरांना ते फार आवडलं.

अशात मासेवाल्याचा निरोप आला. नवे टेट्रा पाण्यात सोडताच जुना असा घोळक्यात घुसला, की तो कुठला हेही ओळखू येईना. "लेका, मागं वळून तरी बघ," मास्तर पुटपुटले. आरशांचं काम संपलं होतं. जड मनानं त्यांनी ट्रायलचा आरसा उचलला, तर दारात सिस्टर उभ्या.

"आरसा कुठे निघाला?"

"हा? पुसायला काढला होता. इथेच राहणार. मासा अजून रुळला नाही हो. आरसा नसला की खात नाही, झुरतो."

सिस्टरनी आत डोकावून बघितलं. टाकीत सगळी टोळी खाण्यावर तुटून पडली होती. मग त्यांनी आरसा धरून उभ्या असलेल्या मास्तरांकडे बघितलं.

"हो, फारच झुरलाय बिचारा," त्या म्हणाल्या. "ठेवा तो आरसा जागेवर. चहा मी टाकते. साखर कुठे असते तुमच्याकडे?"