वजनदार माणसं हवीत!

"मोजल्याशिवाय मी चहात साखरसुद्धा घालत नाही!" असं टेपकाका छातीवर हात ठेवून सांगत. खिशात कायम मोजायची टेप, म्हणून तर हे नाव पडलेलं!

काकांचा धंदा मातीच्या खेपा टाकण्याचा आणि जीव टिपरवर. टिपरच्या चारही चाकांना जोर, त्यामुळे कितीही चिखल असो, गडी बाहेर येणारच. पण मागून पार बसलेला! माती भरली की शेपूट जमिनीला टेकायला निघे, नाक आभाळात जाई, आणि काकांना रस्त्यापेक्षा ढगच जास्त दिसत.

दोष पाट्यांचा होता. आता पाटे म्हणजे काय? एक फुटपट्टी दोन्ही टोकांना धरून वाकवा, सहज वाकेल. तिच्याखाली आणखी चार ठेवा आणि मग वाकवून दाखवा! गाडीच्या मागच्या चाकांवर अशीच पोलादी पट्ट्यांची चळत असते. काकांच्या पट्ट्या नऊ वर्षांत थकून सपाट झाल्या होत्या. मिस्त्रींनी दोन दिवस काकांच्या घरामागच्या यार्डातच मुक्काम ठोकून नवे पाटे बसवले, दोन्ही बाजूंना एकेक जास्तीचा घातला, वर धक्के झेलायला नवे शॉकअप.

"काका, आता हत्ती बसवा मागे. गाडी हूं की चूं करणार नाही!" मिस्त्री म्हणाले.

टिपर लग्नाच्या घोड्यासारखा ताठ उभा होता. काकांचा ऊर भरून आला.

शाळेच्या मैदानात मोठा खड्डा पडला होता. दोन महिने पोरं व्हरांड्यात धावून एकमेकांवर आदळत होती. आज शेवटची खेप पडली की खड्डा बुजणार आणि दुपारी शर्यती होणार. मुख्याध्यापिकाबाईंनी बजावलं होतं, "अकरापर्यंत माती आली नाही, तर शर्यती रद्द. उद्यापासून सुट्टी आहे."

"दहालाच हजर होतो!" काका म्हणाले आणि ऐटीत गाडी यार्डाच्या फाटकाकडे काढली.

खण्ण!

फाटकावरची लोखंडी तुळई हौद्याच्या काठाला येऊन भिडली. नऊ वर्षं गाडी जिच्याखालून बिनबोभाट जायची, तीच तुळई! काका खाली उतरले. टेप काढली. गाडी दोन बोटं जास्त उंच भरत होती.

"मिस्त्री, फाटक मोजलं नाहीत?"

"मला पाटे बसवायला सांगितलं होतंत. टेप तुमच्या खिशात असते!"

चाकांतली हवा कमी केली. एक बोट सुटलं, एक उरलं. साडेनऊ वाजले. मिस्त्री डोकं खाजवत म्हणाले, "मागे वजन टाका, पाटे दबतील, गाडी खाली बसेल. दहा-बारा माणसं पुरतील."

काकू शर्यतींच्या समारंभाच्या तयारीला शाळेतच गेल्या होत्या; पाहुणेही तिथे जमत होते. काकांनी फोन लावला. "अगं, पटकन माणसं घेऊन ये! चांगली वजनदार!"

"वजनदार? कशाला?"

"अडचण आलीये! हलकीसलकी अजिबात नकोत!"

"बरं बरं, ओरडू नका!"

दहाव्या मिनिटाला काकू हजर. मागोमाग बँकेचे मॅनेजर, निवृत्त न्यायाधीश, नगराध्यक्ष, मोठे डॉक्टर आणि खुद्द मुख्याध्यापिकाबाई! गावातलं सगळं वजन एका रांगेत उभं होतं. आणि एकेक जण असा, की वारा आला तर कंपाउंडला धरून उभं राहावं लागेल! न्यायाधीश तर मिटलेल्या छत्रीसारखे दिसत होते.

"कोण अडवतंय तुम्हाला?" नगराध्यक्षांनी बाह्या सरसावल्या.

काकांनी वर बोट दाखवलं. "तुळई."

काकू कपाळाला हात लावून म्हणाल्या, "अहो, मग जाडी माणसं म्हणायचं ना सरळ!"

आता आलेल्यांना परत कसं पाठवायचं? सगळे मुकाट्यानं शिडी लावून हौद्यात चढले. मिस्त्री अवजारांच्या पेटीसकट चढले.

"डोकी खाली!" काका ओरडले.

"चाळीस वर्षांत मी कुणापुढे मान झुकवली नव्हती," न्यायाधीश पुटपुटले आणि गुडघ्यांत मान घालून बसले.

तरी अर्धं बोट उरलंच. सगळ्यांच्या नजरा हळूहळू काकूंकडे वळल्या. काकूंनी पदर खोचला, हौद्यात पाय ठेवला, आणि टिपरनं एक सुस्कारा सोडून बैठक मारली. गाडी अलगद बाहेर!

"एक शब्द बोललात तर बघा," काकू हौद्यातून म्हणाल्या.

हौद्यात टाळ्या पडल्या. बाईंनी घड्याळ पाहिलं. "चला आता. पण माती कुठाय?"

"ती काय, आत. यार्डात ढीग आहे."

बाईंनी चष्मा पुसला. मग चौथीच्या वर्गाला समजावतात त्या गोड आवाजात विचारलं, "काका, आधी माती भरली असती, तर गाडी आपोआप खाली बसली नसती का?"

काकांच्या ऐटीतली उरलीसुरली हवासुद्धा फुस्सकन निघून गेली!

"चढा पुन्हा," न्यायाधीशांनी निकाल दिला.

गावातलं सगळं वजन उलट्या दिशेनं आत गेलं. काकांनी आणि मिस्त्रींनी फावडी घेतली. मॅनेजरांनी टाय खिशात घातला, नगराध्यक्षांनी घमेलं उचललं. माती भरली, चाकांत हवा भरली, तरी टिपर तुळईखालून सहज निघाला. आणि काय सांगू, नाक आभाळात नाही की शेपूट जमिनीवर नाही! नऊ वर्षांत पहिल्यांदा काकांना समोरचा अख्खा रस्ता दिसला.

अकराला पाच कमी असताना खड्डा बुजला. दुपारी पोरं अशी सुटली, की धुळीत शाळाच दिसेना. रिकाम्या टिपरला टेकून काका टाळ्या वाजवत होते.

संध्याकाळी पाहुणे पांगले आणि काकांचा घरी फोन आला.

"अगं, ऐक ना. मी फाटकाबाहेर उभा आहे."

"मग या की आत!"

"गाडी रिकामी आहे गं..."

काकूंनी एक लांब श्वास घेतला. "येते. पण मानानं वजनदार म्हणून बोलावताय की अंगानं, ते आधी नीट मोजून सांगा!"

काकांनी टेप हळूच खिशात ढकलली.