पाचवी तार

कृष्णातने शब्द आधी दिला आणि विचार नंतर केला. विचार आधी केला असता तर बेस गिटारला पाचवी तार बसवायची वेळच आली नसती.

धुळा त्यांच्या सांगलीच्या ऑर्केस्ट्रातला गिटारवाला. गेल्या महिन्यात ट्रकखाली गेला, गिटारीसकट. कृष्णात कुपवाडला फिटर आणि ऑर्केस्ट्रात बेसवर. तो वडूजजवळच्या वस्तीवर समाचाराला गेला, तेव्हा धुळाची आई रंगुबाई म्हणाली, "पोरगं काय वाजवायचं, ते आमी कवा धड ऐकलंच न्हाई. महिन्याच्या दिवशी येऊन तेवढं वाजीव बाबा."

"वाजवतो की, मावशी," कृष्णात म्हणाला.

पण धुळाचे सूर उंच, आणि बेसच्या चारही तारा जाड. मग कृष्णातने गिटारीच्या डोक्याला भोक पाडलं, सतारीची जुनी खुंटी ठोकली आणि साध्या गिटारीची बारीक तार ओढली. ती आखूड पडली, म्हणून शेपटाला सायकलच्या ब्रेकची तार जोडली. मिरजेच्या म्हाताऱ्या सतार कारागिराने ते बघून कपाळाला हात लावला.

"आरं, दांडी चार तारांच्या ताणाची हाय. वाकंल ती!"

"एक दीस टिकली तरी लय झालं."

महिन्याच्या दिवशी वस्तीवर पन्नासेक माणसं जमली. वडूजहून भाड्याचा कर्णा आला. कृष्णातने पाचवी तार पिळली, तशी दांडी वाकली आणि बाकीच्या चारी उतरल्या. त्या चढवल्या, तर पाचवी उतरली. टँव... टँव... तासभर हेच चाललं. माणसांनी विड्या विझवल्या.

"लय अवघड गाणं दिसतंय," वस्तीवरचा कोंडीबा शेजाऱ्याच्या कानात पुटपुटला.

शेवटी कृष्णातने दात खाऊन खुंटीला एक पीळ जास्त दिला. ताड्कन तार तुटली आणि त्याचा गाल चिरत गेली. कर्ण्यातून बंदुकीचा बार झाल्यागत आवाज आला, वाड्यातली मेंढरं कुंपण मोडून पळाली आणि निम्मी माणसं त्यांच्यामागं धावली.

मेंढरं वळवून सगळे परतले, तेव्हा कृष्णात गालाला रुमाल लावून मान खाली घालून बसला होता. रंगुबाई पदरानं डोळे पुसत होती.

"हुबेहूब! घरी आला की अस्संच वाजवायचा माझा धुळा."

"आवं मावशी, मी नुसती तार लावत हुतो. वाजवायचं अजून पुढंच हाय."

"ते आमाला कुठलं ठावं? इथवर आला की ह्ये वरडायचे, बंद कर म्हणून."

सगळ्यांनी बिराप्पाकडं पाहिलं. धुळाचा बाप सकाळपासून काठीवर हनुवटी टेकून बसला होता. महिनाभरात तो कुणाशी चार शब्द बोलला नव्हता.

"आज न्हाई वरडत," तो म्हणाला. "वाजीव पुढचं."

आता पाचवी तार नव्हती. उरलेल्या चार मात्र निमूट सुरात आल्या. धुळा पुढं वाजवायचा तेव्हा मागून कृष्णात जे वाजवायचा, तेवढंच ह्या चार तारांवर येत होतं. ते त्याने सुरू केलं. धूम... धूम-धूम... मध्ये शांतता, पुन्हा धूम.

बिराप्पा सरकत सरकत कर्ण्यापाशी आला. बराच वेळ कान देऊन बसला.

"ह्यात धुळाचं कंचं रं?"

"मधी मधी जे गप ऱ्हातंय ना मामा... ते."

बिराप्पाने मान डोलावली.

"मग तुझं जरा हळू वाजीव," तो म्हणाला. "त्याचं ऐकू दे."