हातोडीच्या कारकिर्दीचे मान्यताप्राप्त टप्पे

"बादली मीच धरणार. अकरा वर्षं मीच धरतेय, आणि तुम्हाला ती भरून आणायची की रिकामी हेसुद्धा माहीत नाही."

हे थोरली बहीण मुष्टियुद्ध मंडळाच्या चिटणिसांना म्हणाली, तेसुद्धा त्यांच्या टेबलावर दोन्ही हात टेकून, म्हणजे अर्जाशिवाय.

"ताई, बादलीबद्दल आमच्या मनात आदरच आहे," चिटणीस म्हणाले. "पण नियम बघा. कोपऱ्यात तिघांनाच परवानगी. अर्ज आलेत त्रेचाळीस."

"मागच्या लढतीला किती आले होते?"

"मागची लढत टीव्हीवर नव्हती."

इथे एक गंभीर सत्य सांगून टाकायला हवं. माणूस हरतो तेव्हा एकटा हरतो, आणि जिंकतो तेव्हा सगळ्यांच्या वतीने जिंकतो. त्यामुळे जिंकणाऱ्या माणसाची नीट वाटणी करणं हे कुठल्याही सुसंस्कृत मंडळाचं पहिलं काम असतं. हे मंडळ तर फारच सुसंस्कृत होतं. त्यांच्याकडे सहा शिक्के होते.

वाटणी चालली होती ती थोरलीच्या धाकट्या बहिणीची. पेपरवाले तिला 'हातोडी' म्हणायचे. राष्ट्रीय विजेती, आणि चौदा दिवसांनी जागतिक किताबाची लढत. दहा फेऱ्या, फेरी दोन मिनिटांची, मध्ये एक मिनिट विसावा. त्या एका मिनिटात रिंगच्या कोपऱ्यात एक स्टूल ठेवतात. बॉक्सर त्यावर बसते, आणि तिची माणसं तिला पाणी पाजतात, रक्त पुसतात, सुजलेल्या डोळ्यावर बर्फ धरतात आणि काय चुकतंय ते सांगतात. कोपरा म्हणजे एवढंच.

थोरली गादी कारखान्यात कडा शिवायला होती. वीतभर लांब सुई, कापसाने भरलेलं नाक, आणि बोटांना असे घट्टे की गरम तवा नुसत्या हाताने उचलावा. धाकटीने मारायला घेतलेली पहिली पिशवी तिनेच चिंध्या भरून शिवली होती. कोच होता एक, पण आठव्या महिन्यात त्याची बदली झाली. तेव्हापासून थोरली कोपऱ्यात उभी राहिली. बॉक्सिंगचं पुस्तक तिने वाचलेलं नव्हतं. तिला एकच गोष्ट पक्की माहीत होती. पाचव्या फेरीनंतर धाकटी दमली की तिचा डावा हात खाली येतो. दीड इंच. धाकटीला ते स्वतःला कळत नाही. म्हणून थोरली दर विसाव्याला दोनच शब्द बोलायची, "डावा वर." तिचं सगळं प्रशिक्षण यात आलं.

आणि समोरच्या, सध्याच्या किताबवाल्या बाईचा उजवा ठोसा एकोणीसपैकी चौदा जणींना घरी पाठवून बसला होता.

पण हे सगळं तांत्रिक झालं. मंडळाने काम शास्त्रशुद्ध करायचं ठरवलं. ऑफिसच्या हॉलमध्ये बारा फुटी फलक लावला, 'कारकिर्दीचे टप्पे'. ज्याचं ज्या टप्प्यात योगदान, त्याला गुण. पहिले तिघे कोपऱ्यात. मान्य झालेली यादी अशी:

टप्पा पहिला, वय अकरा. वर्गातल्या मुलाचा दात पाडल्याबद्दल शाळेतून नाव कमी. (योगदान: मुख्याध्यापक. नाव कमी केलं नसतं तर सरावाला वेळ कुठून मिळाला असता, हा त्यांचा मुद्दा समितीने टाळ्या वाजवून मान्य केला. गुण वीस. दातवाल्या मुलाला 'पहिला प्रतिस्पर्धी' म्हणून सात.)

टप्पा दुसरा, वय चौदा. "नाक मोडलं तर हिला कोण करून घेणार" असं म्हणून मामाने घराशी बोलणं टाकलं. (विरोधाशिवाय जिद्द येत नाही. गुण अठरा. बोलणं सलग दोन वर्षं टाकलं, त्याचे सातत्याबद्दल आणखी दोन.)

टप्पा तिसरा, वय सतरा. मंडळाने हॉलची किल्ली दिली नाही. (योगदान: अध्यक्ष. किल्ली मिळाली नाही म्हणून ती गच्चीवर सराव करू लागली, मोकळ्या हवेने दम वाढला. गुण पंचवीस. किल्ली अजूनही त्यांच्याकडेच आहे, म्हणजे योगदान चालू आहे.)

टप्पा चौथा, वय एकोणीस. राज्य सुवर्णपदक. (त्या दिवशी बघायला कोणीच आलेलं नसल्याने योगदान सिद्ध होत नाही. टप्पा तूर्त वगळला.)

टप्पा पाचवा, वय बावीस. राष्ट्रीय विजेतेपद. (योगदान: एकतीस जण. पुरावा म्हणून ग्रुप फोटो. हातोडी फोटोत नाही. गर्दीमुळे तिला मागे उभं राहावं लागलं.)

थोरलीला शून्य. नियम साधा होता: योगदानाचा फोटो हवा आणि चेहरा दिसायला हवा. तिचे फोटो अकरा वर्षांचे होते, पण प्रत्येकात ती बादलीवर नाहीतर धाकटीच्या डोळ्यावर वाकलेली. समितीने पाठ ओळखायचा प्रामाणिक प्रयत्न केला. दोन सदस्यांना ती ओळखीची वाटली, एकाला नाही. बहुमत झालं असतं, पण ज्यांना नाही वाटली ते अध्यक्ष होते.

"मग तू कुठे असशील?" धाकटीने दोरीवरच्या उड्या न थांबवता विचारलं.

"सत्ताविसाव्या रांगेत. पास दिलाय."

"तिथून पाणी कसं पाजशील?"

"मामा पाजतील."

"मामांना घरी कधी स्वतःच्या हाताने पाणी घेताना पाहिलंयस?" धाकटी म्हणाली. मग उड्या थांबल्या. "ताई, पाण्याचं जाऊ दे. डाव्या हाताचं कोण सांगणार?"

थोरलीने सुई कापडात खुपसून ठेवली.

लढतीच्या दिवशी तिघे मान्यवर एकसारखी जाकिटं घालून आले. पाठीवर 'मार्गदर्शक', खाली मंडळाचा पत्ता. पहिली फेरी धाकटीची झाली. घंटा वाजली, स्टूल ठेवलं गेलं, आणि अध्यक्ष त्यावर बसले.

यात त्यांचा दोष नाही. तीस वर्षांच्या सार्वजनिक जीवनात, जिथे एकच खुर्ची असते ती कोणाची, हा प्रश्न त्यांना कधी पडलेला नव्हता. धाकटी दोरांना टेकून उभी राहिली. मुख्याध्यापकांनी घसा साफ केला आणि स्वागत केलं. स्वागत संपलं, मिनिट संपलं.

दुसऱ्या विसाव्याला प्रास्ताविक. तिसऱ्याला पाहुण्यांचा परिचय (पाहुणे म्हणजे अध्यक्ष, समोरच्या कोपऱ्यातल्या पाहुणीशी कोणाची ओळख नव्हती). चौथ्याला मामांनी मनोगत मांडायला सुरुवात केली आणि त्यांना भरून आलं. तिच्यासाठी आणलेल्या टॉवेलने त्यांनी डोळे पुसले, तिच्यासाठी आणलेलं पाणी प्यायले, आणि धाकटीने त्यांच्या पाठीवर ग्लोव्ह फिरवला. पाचव्याला मामा सावरले की नाही हे पाहण्यात वेळ गेला. सहाव्यापासून अध्यक्षीय भाषण. भाषणात हालअपेष्टांचा उल्लेख चार वेळा आला. बर्फ मात्र बादलीतच होता, आणि बादली ड्रेसिंग रूममध्ये.

सत्ताविसाव्या रांगेतून थोरलीला सगळं दिसत होतं. सहाव्या फेरीत डावा हात अर्धा इंच खाली. सातवीत पूर्ण दीड. सातवीतच उजवा ठोसा त्या फटीतून आत आला आणि धाकटी खाली पडली. सात आकड्यांना उठली. डोळा लिंबाएवढा झाला होता. थोरली "डावा" म्हणून ओरडली, पण मंडळाने प्रोत्साहनासाठी तीनशे शिट्ट्या वाटल्या होत्या, आणि सगळ्या चालू होत्या.

ती उठली आणि खाली धावली.

रिंगकडे जायच्या बोळात पुठ्ठेवाली मुलगी एक बूट काढून पाय चोळत उभी होती. दर विसाव्याला पुढच्या फेरीचा आकडा लिहिलेला पुठ्ठा डोक्यावर धरून रिंगमध्ये चक्कर मारायची, हे तिचं काम.

"बाळा, एक चक्कर मला दे."

मुलीने तिला वरपासून खालपर्यंत पाहिलं. केसात कापूस, पायात चपला. "काकू, उंच टाचा लागतात."

"मी हात उंच करीन."

"कोण तुमची ती?"

"खाली पडली ना आत्ता, ती."

मुलीने पुठ्ठा दिला. मग स्वतःहून लिपस्टिकही दिली, कारण पुठ्ठ्याची मागची बाजू कोरी होती आणि थोरली खिशात खडू शोधत होती.

आठवी फेरी धाकटीने कशीबशी काढली. विसाव्याची घंटा झाली. अध्यक्ष "आपल्या सर्वांच्या सहकार्याने" इथपर्यंत आले होते, तेवढ्यात रिंगमध्ये चपलांचा आवाज झाला. पुढे नऊचा आकडा. कोपऱ्यासमोर आल्यावर थोरलीने पुठ्ठा उलटा केला. मागे वीतभर अक्षरात: डावा वर. पंच पुढे आले, थबकले. पुठ्ठ्याच्या पुढच्या बाजूबद्दल नियमावलीत सव्वा पान आहे. मागच्या बाजूबद्दल काहीच नाही.

धाकटी एका डोळ्याने वाचत होती. तिने मान डोलावली. अध्यक्षांना वाटलं, भाषण पोचलं.

नवव्या फेरीत किताबवालीने नेहमीची फट गृहीत धरून सगळं अंग उजव्या ठोशात घातलं. फट नव्हती. ठोसा ग्लोव्हवर बसला, तोल पुढे गेला, आणि हातोडीने तिला जिथे सापडली तिथे उजवा दिला. ती खाली बसली, ती दहा आकडे होईपर्यंत.

त्यामुळे आभारप्रदर्शन राहून गेलं. मुख्याध्यापकांनी ते पंचांसमोर उरकून घेतलं.

माईक हातात आल्यावर विजेती एवढंच बोलली, "पुढच्या लढतीला कोपऱ्यात ताई पाहिजे. नाहीतर मी नाही."

मंडळाने ही मागणी चोवीस तासांत तत्त्वतः मान्य केली. 'ताई' हे पद निर्माण केलं आणि ते भरण्यासाठी अर्ज मागवले. पात्रता: उमेदवार वयाने थोरला असावा, बादली उचलता यावी (मान्यवरांना रिकामी). दोनशे बारा अर्ज आले. त्यात पुरुष एकशे नव्वद. थोरलीचा अर्ज छाननीतच बाद झाला. ती विजेतीची सख्खी बहीण निघाली, आणि अशी नेमणूक केली तर लोक वशिला म्हणतील.

"आता?" धाकटीने विचारलं.

"आता काही नाही," थोरली म्हणाली. "मी पुठ्ठ्याची नोकरी घेतलीय. तिथे अर्ज एकच होता."

"आणि पाणी? बर्फ?"

"तेवढं तुला उभ्याने सोसावं लागेल. डावा मी बघते."

सध्या पुढच्या लढतीची तयारी चालू आहे. थोरली कारखान्यातून सुटली की पुठ्ठा घेऊन गच्चीवर चकरा मारते, आणि धाकटी सुजका डोळा मिटून दुसऱ्या डोळ्याने वाचायचा सराव करते. टप्पा सहावा मात्र अजून फलकावर चढलेला नाही, कारण जागतिक किताबातल्या योगदानाचे अर्ज ऑफिसच्या खिडकीत घेतले जातायत आणि खिडकी पाचला बंद होते. मघाशी तिथून आलो तर रांग कोपऱ्यावरून वळली होती. माझ्यापुढे सहा माणसं सोडून तुम्हीच होता, नाही म्हणू नका, हातात हसरा फोटो होता. तिची एकही लढत पाहिली नाही म्हणून अवघडल्यासारखे दिसलात. अवघडू नका. दुर्लक्ष केल्याचे वीस गुण आहेत, आणि तुमच्याइतकं सलग कोणी केलेलं नाही. मला मात्र आता निघायला हवं, नंबर जाईल.