खालची कवळी डेप्युटेशनवर

दामलेकाकांच्या समोर बसून चहा घ्यायचा नाही, शेजारी बसायचं. हा आमच्या द्वारकेच्या सोसायटीतला अलिखित नियम. मीटिंगमध्ये काकांची खालची कवळी थेट सेक्रेटरीसाहेबांच्या कपात पडलेली मी या डोळ्यांनी पाहिली आहे. "भाईसाहब, ये शायद आपकी है," म्हणत त्यांनी ती चमच्याने काढून दिली. काकांनी रुमालाने पुसली, तोंडात बसवली आणि पाण्याच्या टँकरवरचं भाषण पुढे चालू!

काका केंद्र सरकारातून सेक्शन ऑफिसर म्हणून रिटायर झाले. "वरची पर्मनंट, खालची डेप्युटेशनवर," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. कुणी विचारो न विचारो, कारणंही सांगणार. "वरचीला चिकटायला अख्खी टाळू. खालचीला काय? झिजलेली हिरडी! लाळ कमी, गाल बाहेरून ढकलणार आणि मधे जीभ. ती कधी कुणाचं ऐकते का?" हे म्हणताना माझ्याकडेच का बघतात, देव जाणे.

मी समोरच्याच फ्लॅटमध्ये राहते, त्यामुळे सगळं दिसतं. अर्धांगाचा झटका आल्यापासून काकू बोलत नाहीत, नुसत्या भिंतीकडे बघत बसतात. काका त्यांना भरवतात आणि मग तिथेच बसून जेवतात. म्हटलं, बिचाऱ्याचं जेवण तरी सुखाचं होऊ दे. हात धुऊन मागे लागले, मार्केटमधल्या डेंटिस्टकडे नेलं, नवी कवळी करवली. काय बसली म्हणता! पहिल्याच दिवशी काका माझ्याकडे चार चकल्या कडाकडा खाऊन गेले.

चौथ्या दिवशी दारात हजर. चेहरा एवढासा.

"दुखतेय का, काका?"

"नाही गं. बसतेय."

"मग?"

"डॉक्टरकडे चल."

खुर्चीत बसल्या बसल्या काका म्हणाले, "डॉक्टरसाहब, थोड़ी ढीली कर दीजिए."

डॉक्टर चाटच पडला. "अंकल, लोग तो टाइट करवाने आते हैं!"

मी भडकलेच. "काका, हे काय नवीन खूळ?"

काका रुमाल चुरगाळत म्हणाले, "अगं, जेवताना कवळी पडली की ही हसायची. झटक्यानंतर तेवढ्यालाच हसते. तीन दिवस झाले, हसली नाही."

मी जीभच चावली. डॉक्टरच हळूच म्हणाला, "अंकल, पुरानी वाली फेंकी तो नहीं?"

दुपारी आमटी द्यायच्या निमित्ताने मी डोकावले. दुसऱ्याच घासाला जुनी कवळी टप्पकन वरणात. काकूंनी मान वळवली, तोंडाला पदर लावला आणि खांदे हलेपर्यंत हसल्या.

काकांनी कवळी उचललीच नाही. काकूंचं हसू संपेपर्यंत ते नुसते बघत बसले.